नात्याचा रकाना

सोलापूर,
रविवार, १८ मे

प्रिय म्हाळसा आत्या,

रुपालीचा नमस्कार, मामांनाही सांग. त्यांचा गुडघा कसा आहे? इकडे उन्हानं जीव नकोसा केलाय. बाबा एमआयडीसीतून आले की आधी माठ गाठतात, चपला मग काढतात. मला बारावीला एक्क्याण्णव टक्के पडले, ते त्यांनी तुला फोनवर सांगितलंच. रुपी फोनवर का येत नाही, हे तू विचारलं नाहीस म्हणे.

पुण्यात एका कॉलेजात पाच वर्षांचा कोर्स आहे. विज्ञानाची आणि व्यवसायाची, दोन्ही पदव्या एकदम. जागा चाळीस, आणि अर्ज करणारे एकाहून एक. तरी आमचे सर म्हणतात, चिंचोक्याच्या खळीच्या प्रयोगावर तुझा नंबर लागेल. शनिवार शेवटचा दिवस. घरी सांगितलंय, विचार चाललाय. विचार कसला, एका रकान्यात अडकलेय. प्रयोगाचं मूळ ज्ञान कुणाकडून मिळालं, आणि त्या व्यक्तीशी तुमचं नातं काय?

हे शेजारची पिंकी तुला मोठ्यानं वाचून दाखवत असेल. दाखवू दे. प्रदर्शनात झालं तेही चार लोकांतच झालं होतं.

चिंचोके किती भाजायचे, खळ शिजली का हे नखावर थेंब ओढून कसं बघायचं, सगळं तुझं. मी फक्त ती घोंगड्याऐवजी टॉवेलच्या सुताला लावली आणि तुटलेले धागे मोजले. विज्ञान प्रदर्शनाला ये म्हणून मीच तुझ्या मागे लागले. तू मंद्रूपहून एसटीनं आलीस, काखेत घोंगडं, हातात खळीचा डबा. मैत्रिणी बघायला लागल्या. परीक्षकांनी विचारलं, या कोण? मी म्हणाले, "घोंगडी विकायला येतात या. यांच्याकडून माहिती घेतली."

तू माझ्याकडे एकदाच बघितलंस. मग त्यांना म्हणालीस, "व्हय की, इकायलाच आले. ह्या म्याडमनी लई बारीक इचारून घेतलं."

त्यांना ते खरंच वाटलं. त्यांनी घोंगड्याची किंमत विचारली आणि मी खोटी पडू नये म्हणून तू ते विकलंस. घडी घालून त्यांच्या हातात दिलंस. मला पहिलं बक्षीस मिळालं. तू पाणीही न पिता गेलीस.

घरी आईनं विचारलं, आत्यानं घोंगडं दिलं का? शिकायला बाहेर जाशील तेव्हा अंथरायला तिनं थंडीभर लोकरीचं सूत कातलंय. मी म्हणाले, दिलं, पेटीत ठेवलंय. आईनं अजून पेटी उघडलेली नाही. आत्या, मला माझीच लाज वाटते. तुझी कधीच नव्हती असं लिहिणार होते, पण तेही खोटंच. त्या दिवशी वाटली होती.

सर म्हणतात, 'स्थानिक कारागीर' लिही, नातं कशाला सांगतेस, घरचाच मामला वाटेल. तसं लिहिलं तर कुणाला कळणारही नाही. पण एकदा विकलंय तुला, पुन्हा नाही.

शुक्रवारी सकाळच्या गाडीनं येते. दारात उभी राहीन. रुपी म्हणालीस तर त्या रकान्यात 'आत्या' लिहून अर्ज भरीन. म्याडम म्हणालीस तर आल्या पावली परत फिरेन आणि इथंच बीएस्सी करीन. तुझा राग धरणार नाही.

त्या दिवशी चार लोकांत सांगायला हवं होतं, ते आज लिहिते,

तुझ्या सख्ख्या भावाची मुलगी,
रुपाली