धर्मबापाची जागा

प्रिय भांडकुदळे,

बाप्तिस्म्याच्या तालमीतून मी मधेच निघून आलो, त्यावर तुझी ताई काय काय म्हणाली असेल ते मला इथे गॅरेजात बसून ऐकू येतंय. कॉलेज अर्धवट सोडलं, आता तालीमही सोडली, माझ्या लेकीचा धर्मबाप व्हायला हाच सापडला होता का, वगैरे. तिचं चुकत नाही. बाळाच्या वतीने आपण दोघांनी उभं राहून मतांगीकार, आपल्या विश्वासाची ती सगळी कबुली, म्हणायचा होता, तू धर्मआई आणि मी धर्मबाप. तू ‘मी विश्वास ठेवते’ म्हणालीस आणि माझं तोंड उघडलंच नाही. सगळ्यांना वाटलं, याला पाठ नाही. अगं, आईच्या मांडीवर होतो तेव्हापासून ऐकतोय मी तो. झोपेतून उठवलंस तरी म्हणेन.

त्यात तो तुमचा मदतनीस पाळक मला शब्द सुचवायला पुढे झाला. हळूच, गोड आवाजात, जसा काही मी बालवाडीतला. तिथेच माझं टाळकं सटकलं. आधीच मतांगीकार कसा घडला ते शिकवणाऱ्या त्याच्या संध्याकाळच्या वर्गाने माझा जीव खाल्लाय. मागच्या बाकावरून मला दिसतं काय, तर तू हनुवटीला हात लावून ऐकतेयस. ख्रिस्त देवासारखा की देवच, एवढ्या एका शब्दापायी बिशपांना परागंदा व्हावं लागलं, असं तो सांगत होता आणि तुझे डोळे भरून आले. बिशपांसाठीच आले असतील. पण सांगणारा तो होता ना. गाडीचं दार घासताना माझं बोट सोलवटलं तेव्हा तू म्हणालीस, बघून काम करत जा.

खोटं कशाला बोलू, त्याने शिकवलेलं माझ्याही डोक्यातून जात नाही, आणि याचाच जास्त राग येतो. पूर्वी वाटायचं, दर रविवारी तेच ते काय म्हणायचं. आता दाराला पुट्टी भरता भरता एकेक ओळ समोर येते. त्यात येशूला क्रुसावर धाडणाऱ्या पिलाताचं नाव आहे बघ. हात धुऊन मोकळा झाला, पण इतक्या शतकांत सुटका नाही बिचाऱ्याची. कारण हे कुठे ढगात नाही, अमक्या अधिकाऱ्याच्या वेळेस, या जमिनीवर घडलं, असं आपलं म्हणणं आहे. शिवाय सगळे एका सुरात म्हणतात, तरी जो तो ‘मी’च म्हणतो. बाबा गेले त्या आठवड्यात आईचा आवाज फुटत नव्हता. पुढच्या बाकावरच्या म्हाताऱ्यांनी मागे वळून न बघता आपला आवाज चढवला आणि तिला जवळजवळ ओढत पुढे नेलं. ‘देहाचं पुनरुत्थान’ आलं तेव्हा ती त्यांच्याबरोबर बोलली. म्हाताऱ्यांना आधी कुणी ओढलं असेल, त्यांना आणखी कुणी. ही रांग कुठवर मागे जाते ते त्याच्या वर्गात न जाताही मला कळतं.

म्हणजे विश्वास नाही म्हणून मी गप्प राहिलो, असं समजू नकोस. तालमीच्या आधी चर्चच्या पायरीवर तुझ्या मोठ्या काकू भेटल्या. माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाल्या, बरं झालं रे, एका बाळाचे धर्मआईबाप झालात की तुम्ही दोघं बहीणभाऊ, मग लग्नाबिग्नाची चर्चाच नको. जुना नियम आहे म्हणे. मला वाटलं, तुला हे माहीत होतं आणि म्हणूनच तू ताईला माझं नाव सुचवलंस. देवासमोर ‘मी’ म्हणायचं आणि त्याच श्वासात तुझा भाऊ व्हायचं, हे माझ्याच्याने झालं नाही. खरं-खोटं त्या पाळकाला विचारता आलं असतं, पण त्यापेक्षा माझी जीभ झडलेली बरी. तेव्हा तूच विचार. काकूंचं खरं असेल तर रविवारी माझ्या जागी त्यालाच उभं कर. त्याला सगळं स्वल्पविरामांसकट पाठ आहे, आणि तो तुझा भाऊ झाला तर पहिला पेढा मी वाटीन. मागच्या बाकावरून बाळासाठी मतांगीकार म्हणेन, तुला ऐकू येईल इतक्या मोठ्याने. आणि काकूंचं खोटं असेल, तर शर्टाला इस्त्री करून ठेवलीय. फक्त मला एवढं सांग, की माझं नाव सुचवलंस तेव्हा तुझ्या मनात काय होतं.

भाऊ सोडून दुसरं काहीही व्हायला तयार असलेला,
तुझाच,
भडकू