शेवटच्या जहाजावरचा पाव

तीर्थरूप बाबांना शिरसाष्टांग नमस्कार.

मी सुखरूप आहे, आईला आधी हे सांगा. तुमचा गुडघा कसा आहे?

आपली कंपनी बुडाली. दोन प्रवासी जहाजं आधीच भंगारात गेली होती. ज्या जहाजाच्या पावाच्या भट्टीवर तुमची उमेदीची वर्षं गेली, तेही आज आम्ही तोडायला किनाऱ्यावर आणलं.

मला भट्टी बंद करायला सांगायला कप्तान स्वतः खाली आले. पाव अजून आत होता. ते बघून जहाजाच्या भिंतीवर हात ठेवून म्हणाले, "राहू दे. या म्हातारीला उपाशीपोटी कशाला पाठवायचं?"

जहाज वाळूत रुतलं तेव्हा आम्ही सगळे गरम पाव हातात धरून उभे होतो.

दुसरी नोकरी बघतोय, काळजी नसावी. तुमच्या वाटचंही मीच रडून घेतलंय, बाबा. तुम्ही रडू नका.

तुमचा,
धाकटा