सेल नसलेलं घड्याळ

३ फेब्रुवारी, दुपारी
घेतलं. इतकी वर्षं शोरूमच्या काचेला नाक लावून बघितलं, आज काचेच्या आत गेलो. विक्रेत्याने पांढरे हातमोजे घालून ट्रेमधून समोर ठेवलं. म्हणाला, हे नुसती वेळ दाखवत नाही साहेब, माणूस दाखवतं. सगळे एरियर्स गेले, पण योग्य कारणी गेले. ही उधळपट्टी नाही, गुंतवणूक आहे.
निश्चय: घरी गेल्या गेल्या हिला सगळं खरं सांगायचं.

३ फेब्रुवारी, संध्याकाळी
सांगितलं. म्हणजे घड्याळ दाखवलं. हिने विचारलं, केवढ्याला पडलं? मी म्हणालो, डुप्लिकेट आहे, फुटपाथवर मिळालं. तोंडातून निघूनच गेलं. ही म्हणाली, छान आहे हो, अगदी खरं वाटतं. मग एरियर्सची चौकशी केली. ते आले की पायाचं शिलाई मशीन काढून मोटरचं घ्यायचं, असं आमचं ठरलं आहे. दिवसभर लोकांचे कपडे शिवून हिचे गुडघे धरतात. सांगितलं, फाइल अकाउंट्समध्ये आहे. यात खोटं काही नाही. फाइल तिथेच आहे. काम होऊन कपाटात गेली आहे, एवढंच.
योग्य वेळ बघून सांगेन.

५ फेब्रुवारी
घड्याळासह ऑफिसचा पहिला दिवस. थंडी असूनही हाफ शर्ट. कोणाचं लक्ष नाही. डावा हात टेबलावर, फायलींवर, कपाटाच्या मुठीवर ठेवून पाहिला. टायपिस्टबाईंनी विचारलं, हात अवघडलाय का? अर्धांगवायूची सुरुवात अशीच होते म्हणे.
ऑफिसात रसिकता उरलेली नाही.

९ फेब्रुवारी
बाथरूमच्या नळाला घासलं. ओरखडा. साध्या डोळ्यांना दिसत नाही, पण भिंगातून स्पष्ट दिसतो. जेवण गेलं नाही. हिला वाटलं पोट बिघडलं, म्हणून मऊ भात केला.
निश्चय: रोज वापरायचं नाही. लोकरी मोज्यात गुंडाळून कपाटात ठेवायचं. फक्त महत्त्वाच्या प्रसंगी काढायचं.

१५ फेब्रुवारी
महत्त्वाचा प्रसंग आला नाही, तरी बघायला काढलं. बंद! हे हाताच्या हालचालीवर चालतं. हात हलला नाही की थांबतं. विक्रेत्याने सांगितलं होतं म्हणा, पण तेव्हा मी आरशात मनगट बघत होतो. म्हणजे वापरलं तर ओरखडे, जपलं तर बंद.
उपाय सापडला. रोज सकाळी मोज्यासकट हलवायचं.

१६ फेब्रुवारी
मोजा हलवताना ही दारात. काय चाललंय? म्हणालो, व्यायाम. एकाच हाताचा? मी म्हणालो, उद्यापासून दुसऱ्याचा. बिचारी साधी आहे, पटलं तिला.

२३ फेब्रुवारी
अखेर! मीटिंगमध्ये मोठ्या साहेबांनी वेळ विचारली, आणि तीही मलाच. हात पुरता लांब केला, सावकाश वळवला, सगळ्यांना दिसेल असा धरला आणि सांगितलं, सव्वानऊ. भिंतीवरच्या घड्याळात साडेबारा वाजले होते. साहेब म्हणाले, तरीच तुमची कामं मागे राहतात.
सकाळी मोजा हलवायला विसरलो होतो, बंद पडलेलं घड्याळ वेळ न लावताच घालून आलो. निश्चय: विसरायचं नाही.

१ मार्च
हिचे गुडघे फारच दुखतात. शाळेच्या गणवेशांची मोठी ऑर्डर आहे. बसल्या जागेवरून उठताना भिंत धरते. बाम लावून दिला. आधी घड्याळ काढून लांब ठेवलं, बाम लागू नये म्हणून. ही म्हणाली, किती करता हो माझं. बाम माझ्या डोळ्यांजवळ गेला असावा. पाणी आलं.
रविवारी सांगायचं. नक्की.

४ मार्च, रविवार
रविवारी हिचे भाऊ-भावजय आले. पाहुण्यांसमोर कसं सांगणार?

६ मार्च
ही म्हणाली, तुमचं घड्याळ सारखं बंद पडतं, सेल गेला असेल. द्या, बदलून आणते. यात सेल नसतो, हे सांगायचं तर मग हे कसलं घड्याळ, हेही सांगावं लागणार. म्हणालो, तू कशाला गुडघे घेऊन जिने उतरतेस, मी बघतो.

७ मार्च
सेल बदलला, असं सांगितलं. हिने शिलाईच्या डब्यातून सेलचे पैसे काढून माझ्या हातावर ठेवले. मी नको म्हणालो, पण फार जोरात नाही म्हणालो. घेतले. बसथांब्यावर ते खिशात खुळखुळत होते. आयुष्यात इतकी थोडी चिल्लर इतकी जड लागली नव्हती.

१७ मार्च, सकाळी
आज मोठ्या साहेबांचा निरोपसमारंभ. सहकुटुंब. घड्याळ घालणार. एकच दक्षता: कॅशियर आणि ही एकमेकांसमोर येता कामा नयेत. कॅशियरला कोणाचे एरियर्स कधी जमा झाले ते तोंडपाठ असतं.

१७ मार्च, घरी आल्यावर
संध्याकाळभर कॅशियरला खांबाआड ठेवण्यात यशस्वी झालो. मग हेडऑफिसचे पाहुणे साहेब जवळ आले, माझं मनगट हातात घेतलं आणि थक्क झाले. ओरिजिनल? सगळं ऑफिस बघत होतं. याच क्षणासाठी घेतलं होतं. मी तोंड उघडलं, तेवढ्यात शेजारून ही म्हणाली, "छे हो, डुप्लिकेट आहे. ह्यांना हौस फार."
सगळे हसले. मीही हसलो. पाहुण्यांनी माझा हात सोडून दिला. खरं सांगावं तर बायकोसमोर तोंडघशी पडतो, न सांगावं तर ऑफिससमोर. मी आइस्क्रीम आणायला गेलो. परत आलो तर ही कॅशियरच्या बायकोशी बोलत होती. शिवणकामाबद्दलच असणार.

१९ मार्च
ऑफिसात नवं नाव पडलं: डुप्लिकेट. टायपिस्टबाई तोंडावर 'साहेब' म्हणतात, पण त्याआधी क्षणभर थांबतात.

२५ मार्च
हिने विचारलं, फाइल अजून अकाउंट्समध्येच आहे का? हो म्हणालो. ही माझ्याकडे जरा जास्त वेळ बघत राहिली. हल्ली कमी बोलते. गणवेशांचा ताण असेल.
तिला काही कळलं असेल, असं वाटत नाही. कळलं असतं तर बोलली असती. मी बोललो असतो.

२ एप्रिल, सकाळी
मोजा हलका लागला. आत हात घातला. दुसऱ्या मोज्यात घातला. सगळे मोजे उलटे केले.
चोरीची तक्रार द्यावी का? काय चोरीला गेलं म्हणून सांगू?

२ एप्रिल, संध्याकाळी
घरी आलो तर खिडकीजवळ नवं शिलाई मशीन. मोटरचं. जुनं दाराशी. ही धागा ओवत होती. मान वर न करता म्हणाली, "घड्याळ परत बंद पडलं होतं. सेल बदलायला नेलं. दुकानदार म्हणाला, यात सेल नसतोच. म्हटलं, असलं डुप्लिकेट काय कामाचं? विकून टाकलं."
मी जेवणाचा डबा खाली ठेवला.
"डुप्लिकेटच होतं ना?"
सांगायची वेळ हीच होती. याहून योग्य वेळ कधी मिळणार नव्हती.
"हो," मी म्हणालो.
"डुप्लिकेटच्या मानाने बरे आले पैसे," ही म्हणाली. "एरियर्सचं आता मी नाही विचारणार तुम्हाला."
मग एक छोटी डबी पुढे केली. आत साधं घड्याळ, सेलचं, काळा पट्टा. म्हणाली, हे ओरिजिनल आहे, आत बिल आहे.
मला फार लाज वाटली. पाणी पितो म्हणून स्वयंपाकघरात गेलो. पाणी प्यायलो नाही.

३ एप्रिल
नवं घड्याळ घालून गेलो. टायपिस्टबाईंनी वेळ विचारली. बघितलं, सांगितली. बरोबर निघाली.
घरी आलो तेव्हा मशीन चालू होतं. हिचा पाय पेडलवर नुसता टेकलेला. जेवणं झाल्यावर घड्याळ काढून ठेवलं आणि बामची बाटली घेऊन हिच्या पायाशी बसलो. म्हटलं, आज सगळं सांगतो.
ही म्हणाली, "राहू द्या. आज दुखत नाहीत."
बाटली जागेवर ठेवली. मग घड्याळ परत घातलं.