वेग चुकलेला मूकपट

तीर्थरूप बाबांना वाकून नमस्कार.

मी बरा आहे, जेवण वेळेवर होतं, आईला सांगा. तुमचा खांदा कसा आहे? खरं सांगा, नुसतं "ठीक" नको.

फोनवर सांगायची लाज वाटली, म्हणून हे पत्र. आमच्या वाचनालयात मी दर रविवारी जुने सिनेमे दाखवणार, हे तुम्हाला मोठ्या तोऱ्यात सांगितलं होतं. तुम्ही म्हणालात, "मूकपट असेल तर आधी वेग कमी कर, ते आजच्यापेक्षा कमी वेगाने घेतलेले असतात." थिएटरात चाळीस वर्षं मशीन चालवलेल्या माणसाला मी म्हणालो, "बाबा, आता सगळं बटणावर चालतं."

पहिल्या रविवारी तीस माणसं आली. एकानेही कधी मूकपट पाहिलेला नव्हता. पडद्यावर नायिका आजारी बाळाला घेऊन तुरुतुरु पळायला लागली आणि लोक हसले. बाळ गेलं तेव्हा तर पोट धरून हसले. मी उठून म्हणालो, "तेव्हाचे नट असाच अभिनय करायचे." वर स्वतःही हसलो.

दुसऱ्या दिवशी तुमचं बोलणं आठवलं. एकटाच बसून, वेग कमी करून तोच मूकपट पाहिला. ती पळत नव्हतीच, बाबा. बाळाची झोप मोडू नये म्हणून जपून पाऊल टाकत होती.

पुढच्या रविवारी आधी माझी चूक कबूल केली आणि नीट वेगाने लावला. कोणी हसलं नाही. पण आधीच्या तिसांपैकी आले चारच जण. बाकीच्या सव्वीस जणांच्या डोक्यात ती आता जन्मभर पळत राहणार.

तुमचं न ऐकलेला,
तुमचा धाकटा