भाट्याच्या किनाऱ्यावर आई

रविवार संध्याकाळ, हिंगोली

रत्नागिरीहून सकाळी परतलो. किल्ला, दीपगृह, थिबा राजवाडा, सगळं बघितलं. पण डोळ्यांपुढं भाट्याचा किनाराच येऊन राहिला. बाबा गेल्यापासून आई घराबाहेर पडली नव्हती. तिथंही वाळूत बसली.

"तुमी जा पाण्यात. मला न्हाई यायचं."

मी हात पुढं केला, तिनं धरला न्हाई. मग शहाळी विकणारी बाई तिच्याजवळ येऊन बसली. म्हणाली, "माझे पण गेले. चला, हात धरा."

तिचा हात आईनं धरला. काहून? कोण जाणे. पहिली लाट पायांवर आली आन् आई हसली. त्या बाईचं नावही विचारायचं राहिलं. देव तिचं भलं करो.

आत्ता ओट्यावर आई शेजारच्या काकूंना सांगून राहिली, "पुढच्या वर्षी तुमीबी चला. मी नेते."