पऱ्हे टाकताना पोरानं विचारलेलं

मी नानाजी डोमाजी भांडेकर, वय सदुसष्ट, धंदा धानाची शेती, राहणार सावली, जिल्हा चांदा. माझं डोकं ठिकाणावर आहे. घरच्यांचं आहे काय, ते त्याईले विचारा. कोणाच्या दाबात न येता लिहून ठेवतो की :

१. घर बायको गुणाबाईच्या नावानं. चाळीस वर्षं ती बोलली अन् मी ऐकलं, म्हणून घर उभं आहे.

२. नांगर अन् बैलजोडी पुतण्या बिरजूले. बैल त्याच्याहून शहाणे आहेत. त्यानं त्याईच्या मनानं चालावं.

३. साळा लटारू याले माझा दुपट्टा, तोंडाले बांधायले. कारण असं :

सन बावन्नच्या मिरगात मी रोपासाठी धानाचं बी फेकत होतो, म्हणजे पऱ्हे टाकत होतो. आमच्या घरची रीत, टोपली रिकामी होईपर्यंत पेरणाऱ्यानं तोंड उघडायचं नाई. उघडलं तर बी पाखरं खातात. तेवढ्यात पोरगा गुणवंत नागपूरहून आला. दहाव्या वर्षापासून बोर्डिंगात वाढलेला, त्याले रीत काय ठाऊक! शेताच्या धुऱ्यावरूनच, बांधावर उभं राहून म्हणे, "बाबा, नोकरी सोडून इथीच राहू काय? शेती करीन."

मी इतका खुश झालो, की बी दुप्पट दाट पडलं. बोललो मात्र नाई.

लटारूले रीत ठाऊक होती. पण गप्प बसणं त्याच्या घराण्यात नाई. तंबाखू चोळत म्हणे, "अगा, बाप बोलून नाई राह्यला म्हणजे नाई! जा, मोटार निघून जाईल."

टोपली संपली तवा मोटार गेली होती. पाखरांनी दाणाही खाल्ला नाई.

मग पोराचं पत्र : "तुमचा निर्णय समजला." मले वाटलं, शहरच आवडलं असन, नाव माझं घेते. गुणाबाई म्हणे, "अजी, एक ओळ लिहा न!" मी म्हटलं, "बापानं पहिले काऊन लिहायचं?" पाच वर्षं झाली, याचं उत्तर मले सुचून नाई राह्यलं.

४. अडीच एकर धानाची बांधी गुणवंतले. अट काई नाई. अन् त्याच्या प्रश्नाचं उत्तर : राह.

हे गुणाबाईले वाचून दाखवलं. ती म्हणे, "म्हणजे तुम्ही मेल्यावर त्याले राहायले सांगता काय?"

म्हणून बाकीची कलमं मी मेल्यावर वाचावीत. चौथं उतरवून आजच टपालात टाकलं. मिरगाले अकरा दिवस आहेत. नागपूरले पत्र तीन दिवसांत जाते, अन् तिथून यायले मोटार रोज आहे.

सही : नानाजी डोमाजी भांडेकर
साक्षीदार : लच्छू वाढई (सही), पत्रू गेडाम (अंगठा)
मुक्काम सावली, २७ मे १९५७