ट्रॅकवर शेंगा आणायच्या नाहीत

७ मार्च, सोमवार
लायलने गाडी आणली! शर्यतीची, नंबर सत्तावीस. दार उघडतच नाही, खिडकीतून आत शिरायचं. "आई, तूच ना मला दर शनिवारी ट्रॅकवर न्यायचीस?" म्हणतो. न्यायचे — बघायला!

८ मार्च
जेवण गेलं नाही.

९ मार्च, बुधवार
हंगामाच्या पहिल्या शर्यतीआधी आपल्या ट्रॅकवर जीव गमावलेल्या चालकांची नावं वाचतात. बरीच वर्षं मीच वाचते. माझ्याएवढी शर्यतवेडी दुसरी कोण मिळणार! हॉइट साइझमोर — एकतिसाव्या वर्षी गेला, हसला की तुटका दात दिसायचा. ज्युनी प्रूएट — लग्न ठरलं होतं. कोय लेडबेटर — अवघा चोवीस. त्याच्या गाडीत म्हणे भुईमुगाच्या शेंगांची टरफलं सापडली होती. ट्रॅकवर टरफलाच्या शेंगा म्हणजे अपशकुन, हे इथे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे.

यंदा कोयबद्दल काय बोलू, विचारायला त्याच्या आईकडे, ओपलबाईंकडे गेले. त्या उकडलेल्या शेंगाच खात बसलेल्या!

"दरवर्षी तो मेला कसा तेच सांगतेस. चालवायचा कसा ते सांग की! तिसऱ्या वळणावर हमखास घसरायचा, गाढव."

टरफलांचं विचारलं.

"टरफलांनी नाही गं मेला. भिंतीवर आदळून मेला."

"तरी त्याच्यासाठी दर शनिवारी येता," मी म्हटलं.

"त्याच्यासाठी? अगं, मला शर्यत आवडते!"

रागच आला मला. आईने असं बोलावं?

१२ मार्च, शनिवार
नावं वाचली. पहिल्या फेरीत त्यांच्या आठवणीसाठी सगळ्यांत पुढची जागा रिकामी ठेवून गाड्या सावकाश फिरल्या. कोयचं घसरणं सांगितलं तेव्हा लोक हसले, ओपलबाई सगळ्यांत मोठ्याने.

त्याआधी फाटकापाशी त्या दिसल्या होत्या. कोटाचे खिसे उलटे करून झटकत होत्या. दोन-चार टरफलं पडली. "मी नाही गं मानत असलं काही," मला बघून म्हणाल्या. "पण आज तुझं पोर आहे आत."

लायल अकरावा आला. मी डोळे मिटून बसले होते. निकाल ओपलबाईंनी सांगितला.

१३ मार्च, रविवार
चर्चमध्ये एकच मागणं मागितलं. सोडू दे रे बाबा त्याला हे!

२६ मार्च, शनिवार
तिसरं वळण. भिंत. लायलचा हात मोडला — फक्त हात! ओपलबाईंनी माझा दंड इतका घट्ट धरला होता की नखं उमटलीत.

११ एप्रिल, सोमवार
लायलने गाडी विकली. "बास झालं," म्हणाला. देवाने ऐकलं. घेणारा मुलगा सूतगिरणीत कामाला आहे, सोबत आई आली होती. तिने गाडीकडे एकदाही बघितलं नाही.

आता शनिवारी करायचं काय?

१६ एप्रिल, शनिवार
गेले! माझं कुणी आत नाही, म्हणून रस्त्यावर गरम शेंगा घेतल्या. फाटकापाशी सत्तावीस नंबर सुरू झाल्याचा आवाज आला. पुडी पिंपात टाकली, खिसे झटकले. ओपलबाईंनी जागा धरली होती. पलीकडे त्या मुलाची आई, डोळे गच्च मिटून. निकाल तिला मी सांगितला.